‘इथे बघा’ बंद: आभासी सभागृहाच्या प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५

एम.एस्सी. पहिल्या वर्षाची २३ मुलं. विषय चार: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र. सत्राच्या शेवटी प्रत्येकाने सभागृहात आठ मिनिटांचं सादरीकरण करायचं असतं. गेल्या वर्षीची सादरीकरणं आठवली की अजून अंगावर काटा येतो. तोंड पडद्याकडे, पाठ श्रोत्यांकडे, आणि स्लाइडवरचं वाक्यन् वाक्य मोठ्याने वाचणं. वाईट याचं वाटतं की प्रयोग चांगले होते. आडात पाणी होतं, पोहऱ्यात येत नव्हतं.

कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. सराव होतच नाही. सभागृह मिळतं एकदा, तेही परीक्षेच्या दिवशी. आरशासमोर सराव करा असं सांगणं सोपं आहे, पण आरसा प्रश्न विचारत नाही.

म्हणून यंदा आभासी जगात सभागृह बांधायचं ठरलंय. मुलं आपापल्या जागेवरून अवतार घेऊन यायची, बोलायची, ऐकायची, प्रश्न विचारायची. रात्री अकरालाही दार उघडं. विभागाच्या बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलं, “म्हणजे खेळ खेळणार?” मी हो म्हटलं. वाद टळला.

९ जुलै

कुठलं जग निवडायचं यावर दोन दिवस गेले. सेकंड लाइफ सगळ्यात जुनं आणि भरवशाचं. लिंडन लॅब या कंपनीने ते जून २००३ मध्ये खुलं केलं आणि अजून चालू आहे. विज्ञानाच्या लोकांनी तिथे बरंच काही केलंय. २००८ मध्ये खगोलभौतिकीच्या संशोधकांनी ‘मिका’ नावाची संस्था काढली, तिचं सगळं कामकाज आणि व्याख्यानं आभासी जगातच व्हायची. पण तिथे जमीन भाड्याने घ्यावी लागते आणि भाडं थकलं की इमारत जाते.

ब्राउझरमध्ये किंवा छोट्या अ‍ॅपमध्ये चालणारी नवी जगं सोपी, पण त्यांचा भरवसा वाटत नाही. अल्टस्पेस मार्च २०२३ मध्ये बंद झालं. मोझिलाने हब्स या आपल्या आभासी जगाची सेवा मे २०२४ च्या शेवटी थांबवली. आपण सत्राच्या मध्यावर असताना कुणी दुकान बंद केलं तर कुठे जायचं?

शेवटी ओपनसिम्युलेटर. २००७ पासून चालू असलेलं मुक्त सॉफ्टवेअर, सेकंड लाइफसारखंच जग आपल्या मशीनवर उभं करतं, आणि त्यात शिरायला फायरस्टॉर्म हा व्ह्यूअर, म्हणजे ते जग दाखवणारा प्रोग्राम, चालतो. संगणक विभागाने एक जुनं मशीन सत्रापुरतं उसनं दिलंय. दिसायला सगळं दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या खेळासारखं आहे. चालेल. सुंदर दिसण्यासाठी कुणी येणार नाहीये.

१४ जुलै

सर्व्हर चालू झाला, आत मात्र कुणालाच जाता येईना. नाव-पासवर्ड स्वीकारला जायचा, पट्टी नव्वद टक्क्यांपर्यंत सरकायची आणि तिथेच थिजायची. तीन दिवस मी कॉन्फिगरेशनच्या फायली उलट्यासुलट्या केल्या. दोष तिथे नव्हताच. टीसीपी आणि यूडीपी या नेटवर्कवरून माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती. लॉगिन टीसीपीवरून होतं, पण त्यानंतर त्या प्रदेशाशी, म्हणजे आभासी जमिनीच्या तुकड्याशी, होणारी बरीचशी देवाणघेवाण यूडीपीवरून चालते, आणि आमच्या नेटवर्कच्या फायरवॉलने ९००० क्रमांकाचं पोर्ट फक्त टीसीपीसाठी उघडलं होतं. थोडक्यात, दारावरचा माणूस आमंत्रणपत्रिका बघून ‘या’ म्हणतो, पण उंबरा ओलांडू देत नाही.

नेटवर्क सांभाळणाऱ्यांना एका ओळीचं पत्र लिहिलं. दहा मिनिटांत काम झालं.

सभागृह बांधायला घेतलं. एक प्रदेश म्हणजे २५६ बाय २५६ मीटर. एवढी मोकळी जागा मिळाल्यावर हात शिवशिवतात. मी १२० खुर्च्यांचं, उंच छताचं सभागृह बांधलं. (ही चूक होती, पण ती कळायला महिना गेला.)

१८ जुलै

मुलांचा आतला पहिला दिवस. ठरवलं होतं की पंधरा मिनिटांत अवतार तयार करून कामाला लागायचं. दीड तास गेला. सुरुवातीला सगळे एकाच चेहऱ्याचे, म्हणून जो तो आधी स्वतःला वेगळं करण्याच्या मागे. एक जण छतावर जाऊन बसला आणि त्याला उतरता येईना. एकीने आपला अवतार सव्वादोन मीटर उंच केला. मी हटकलं तर म्हणाली, “मॅडम, एकदा तरी वरून बघू दे.”

तिला तसंच राहू दिलं. निक यी आणि जेरेमी बेलन्सन यांचं २००७ चं काम आठवलं. उंच अवतार मिळालेली माणसं वाटाघाटीत जास्त ठामपणे वागली होती. त्याला ते प्रोटियस परिणाम म्हणतात. तेवढ्यावरून लगेच निष्कर्ष काढायचा नाही, पण तिच्यावर लक्ष ठेवायला हरकत नाही. वर्गात ही मुलगी तोंड उघडत नाही. तिचा विषय यीस्टची वाढ.

‘अवतार’ हा आपलाच शब्द इंग्रजीला वळसा घालून पुन्हा आपल्याकडे आला, आणि मुलांना तो परका वाटला. एकाने “त्याचा मराठी शब्द काय?” असं गंभीरपणे विचारलं.

२२ जुलै

आवाज. ओपनसिममध्ये आवाजाची सोय जोडता येते, पण आमच्याकडे ती दर तासाला रुसायची. सोडून दिली. बोलण्यासाठी शेजारी मम्बल हे फक्त आवाजाचं सॉफ्टवेअर चालवतोय, जग फक्त बघण्यासाठी. दोन खिडक्या सांभाळाव्या लागतात, पण आवाज स्वच्छ येतो.

आज प्रयोगशाळेत शेजारी शेजारी बसलेल्या दोघांनी हेडफोन न घालता माइक चालू ठेवले आणि जी किंचाळी घुमली तिने सगळी प्रयोगशाळा दचकली. नियम: हेडफोन नाही तर प्रवेश नाही.

२५ जुलै

पहिली पाच सादरीकरणं. आजची नोंद लांबणार.

यीस्टवाली मुलगी पहिली आली, स्वतःहून. आवाज आधी बारीक होता, दुसऱ्या स्लाइडपर्यंत सुटला. मला वाटलं, प्रकल्प इथेच सफल झाला, आता नुसतं कौतुक करत बसायचं. तेवढ्यात ती म्हणाली, “आता इथे बघा, हा भाग इथून असा वर जातो आणि इथे सपाट होतो.”

कुठे?

तिने आपल्या पडद्यावर माउस फिरवला होता. तो आमच्यापैकी कुणालाही दिसत नव्हता. तिचा अवतार हात खाली सोडून शांत उभा. बावीस श्रोते बावीस ठिकाणांहून बघत होते, कारण या जगात प्रत्येकाचा कॅमेरा आपापला असतो. ऑल्ट दाबून माउस फिरवला की तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या फळ्याला नाक लावू शकता, छतावरून बघू शकता, किंवा वक्त्याकडे पाठ करून खिडकीबाहेरचा समुद्र बघत बसू शकता. मागून एकाने टाइप केलं: “इथे म्हणजे कुठे?” ती थांबली. पुन्हा म्हणाली, “इथे हो, इथे.”

नंतरच्या चौघांचंही तेच. मी कागदावर रेघा ओढत गेले. आठ मिनिटांत ‘इथे’, ‘हे’, ‘असं’, ‘या बाजूला’ मिळून सगळ्यात कमी चौदा वेळा, सगळ्यात जास्त एकतीस.

रात्री विचार करताना लक्षात आलं की खऱ्या सभागृहातही ही मुलं हेच करतात. मीही करते. तिथे बोट असतं, लेझर पॉइंटरचा लाल ठिपका थरथरत असतो, त्यामुळे निभावतं. म्हणजे निभावतं असं आपल्याला वाटतं. मागच्या रांगेतल्याला तो ठिपका कधीच नीट दिसलेला नसतो, फक्त तो टाइप करून विचारत नाही.

मी या जगात आणखी एक पॉइंटर बसवणार होते, स्क्रिप्ट अर्धी लिहूनही झाली होती. पुसून टाकली.

२९ जुलै

सभागृहाच्या दारावर पाटी लावली: ‘इथे बघा’ बंद. सादरीकरणात इथे, तिथे, हे, असं म्हणायचं नाही. जे दाखवायचं ते शब्दांनी दाखवायचं.

मुलं वैतागली. मग क्लोरोफिलवाल्या मुलाला पुढे बोलावलं. त्याच्याकडे क्लोरोफिल-ए कुठल्या रंगाचा प्रकाश किती शोषतं याचा आलेख आहे. पहिल्या प्रयत्नात तो म्हणाला, “हा आलेख आहे. इथे... म्हणजे डावीकडे वर जातो, मग खाली येतो, मग परत थोडा वर.” ‘इथे’ गेलं, पण अर्थ आला नाही.

मी म्हटलं, आलेख फोनवरून एखाद्या मित्राला सांगतोयस असं समज. आधी अक्ष सांग.

दुसरा प्रयत्न: “आडव्या अक्षावर प्रकाशाची तरंगलांबी आहे, डावीकडे जांभळा, उजवीकडे लाल. उभ्या अक्षावर शोषण. दोन शिखरं आहेत. उंच शिखर जांभळ्या-निळ्या भागात, साधारण ४३० नॅनोमीटरला. दुसरं, थोडं बुटकं, लाल भागात ६६० च्या आसपास. दोन शिखरांच्या मध्ये रुंद दरी आहे, आणि दरी नेमकी हिरव्या प्रकाशात आहे. हिरवा प्रकाश फारसा शोषला जात नाही, म्हणून पान आपल्याला हिरवं दिसतं.”

दरी हा शब्द त्याने स्वतः शोधला. चॅटमध्ये कुणीतरी लिहिलं, “आता दिसलं.” आलेख सगळ्यांच्या समोर पाच मिनिटं टांगलेला होता.

आणखी एक गोष्ट, जी मला तोवर माहीत नव्हती. वर्गातल्या एका मुलाला लाल आणि हिरवा वेगळे ओळखू येत नाहीत. त्याने तास संपल्यावर सांगितलं की ‘लाल रेष बघा, हिरवी रेष बघा’ असं म्हटलं की तो गेली चार वर्षं नुसती मान हलवतोय.

५ ऑगस्ट

स्लाइडचा फळा. स्लाइड म्हणजे या जगात एका पातळ फळीवर चिकटवलेलं चित्र, ज्याला टेक्स्चर म्हणतात. फळीला स्पर्श केला की पुढचं चित्र, एवढीच स्क्रिप्ट. पण प्रत्येक नवं चित्र ऐकणाऱ्याच्या मशीनवर उतरायला वेळ लागतो. आधी फळा राखाडी, मग धुरकट, मग हळूहळू स्पष्ट. तोवर वक्ता तिसऱ्या वाक्यावर पोचलेला असतो.

उपाय जुना आहे आणि गमतीदार आहे. फळीला मागची बाजूही असते. पुढची स्लाइड आधीच मागच्या बाजूला चिकटवून ठेवायची. कुणाला दिसत नाही, पण व्ह्यूअर ती उतरवून घेतो, आणि पाळी आली की फळा क्षणात भरतो. काही मशीनांवर मागची बाजू उतरतच नव्हती, म्हणून मंचाच्या कडेला चार बोटांची एक छोटी फळी ठेवून तिच्यावर पुढची स्लाइड लावली. तिला आता मुलं टपालाचं तिकीट म्हणतात.

दुसरी अडचण उपायाशिवाय सोडली. चित्र चढवताना त्याची लांबी-रुंदी दोनच्या घातात बसवली जाते, आमच्याकडे जास्तीत जास्त १०२४ पिक्सेल, वर संकोचन. बारीक अक्षरांचा चिखल होतो. मुलांनी तक्रार केली की परिच्छेद वाचता येत नाही. मी म्हटलं, वाचता यावा अशी माझी इच्छाच नाही. मायकेल अ‍ॅली यांची पद्धत सांगितली: स्लाइडच्या डोक्यावर ‘निकाल’ किंवा ‘चर्चा’ असं मोघम शीर्षक नको, एक पूर्ण विधान हवं, आणि खाली त्याचा पुरावा म्हणून एकच चित्र. ‘यीस्टची वाढ’ ऐवजी ‘साखर संपत आली की यीस्टची वाढ थांबते’. मी गेली सहा वर्षं हे वर्गात सांगतेय. फळ्याने एका दुपारी ऐकवलं.

१२ ऑगस्ट

मोठ्या सभागृहाची चूक आज उघडी पडली.

टायट्रेशनवाल्या मुलाचं बोलणं झालं. प्रश्न? शांतता. त्याने आभार मानले, उतरला. पाच मिनिटांनी मम्बलवर एक मुलगी रागाने म्हणाली, “मी तीन प्रश्न लिहिले, कुणी ढुंकून बघितलं नाही.”

साधं टाइप केलेलं बोलणं या जगात २० मीटरपर्यंतच पोचतं. कुजबुज १० मीटर, ओरडणं १००. ती शेवटच्या रांगेत बसली होती, मंचापासून २६ मीटरवर. तिचे प्रश्न तिच्या आजूबाजूच्या रिकाम्या खुर्च्यांनी वाचले.

मी अंतर वाढवू शकले असते, एका आकड्याचा प्रश्न होता. त्याऐवजी सभागृहच पाडलं. नवीन खोली १४ मीटर लांब, खुर्च्या ३०, तीन अर्धवर्तुळांत. मोठ्या सभागृहाचा मोह माझा होता, मुलांना त्याचं काही पडलं नव्हतं.

एक नियम मात्र त्या मुलीच्या रागातून आला आणि टिकला. वक्त्याने प्रत्येक प्रश्न आधी मोठ्याने स्वतःच्या शब्दांत सांगायचा, मग उत्तर द्यायचं. टायट्रेशनवाल्याने दुसऱ्या दिवशी तसं केलं आणि सांगता सांगताच त्याच्या लक्षात आलं की प्रश्न निर्देशकाच्या रंगाबद्दल नाही, निर्देशक का निवडला याबद्दल आहे.

१९ ऑगस्ट

ऐकणाऱ्यांचे चेहरे नसतात. म्हणजे असतात, पण सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच मंद स्मित. आणि काही मिनिटं कुणी कळफलकाला हात लावला नाही की अवतार ‘दूर’ म्हणून दाखवला जातो आणि त्याची मान खाली लोंबते. आज स्फटिकांवर बोलणाऱ्या मुलासमोर दहा माना एकामागून एक लोंबल्या. तो अडखळला, घाई केली, दोन स्लाइड गाळल्या. नंतर कळलं की सगळे कान देऊन ऐकत होते, म्हणूनच कुणी काही दाबत नव्हतं.

मुलं म्हणाली, ती मान लोंबण्याची सोय बंद करा. करता येते. पण आधी एक करून बघूया म्हटलं: श्रोत्यांची स्थिती चेहऱ्यावरून ओळखायची नाही, विचारायची. दर दोन मिनिटांनी असा एक प्रश्न, ज्याचं उत्तर एका आकड्यात टाइप करता येईल. ‘समजलं का?’ चालणार नाही. त्याला सगळेच हो म्हणतात. ‘तापमान अजून १० अंशांनी कमी केलं तर स्फटिक मोठे होतील की लहान? मोठेसाठी १, लहानसाठी २.’

कुणी टाइप करायला लागला की अवतार हवेत बोटं नाचवतो आणि टकटक ऐकू येते. वीस अवतार एकदम हवेत टंकलेखन करताना बघून बोलणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो.

२६ ऑगस्ट

आज बॉट बसवले. ओपनसिममध्ये स्क्रिप्टने चालणारी पात्रं निर्माण करता येतात. परवानगी मुळात बंद असते, सर्व्हरच्या फाईलमध्ये उघडावी लागते. सहा केले. दोन जांभया देतात, एक सतत मान वळवून शेजाऱ्याकडे बघतो, एक बरोबर चौथ्या मिनिटाला उठून बाहेर जातो.

कल्पना माझी नाही. मेल स्लेटर आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटापासून आभासी श्रोत्यांसमोर माणसांना बोलायला लावून बघितलं. त्यांच्या २००२ च्या प्रयोगात तीन प्रकारचे श्रोते होते: तटस्थ, कौतुक करणारे आणि वैरी. समोर कुणी खरं नाही हे पक्कं ठाऊक असूनही वैरी श्रोत्यांपुढे माणसं अस्वस्थ झाली.

आमच्याकडेही तेच. मुलांनी स्वतः त्या बॉटचा कपड्यांचा रंग निवडला होता, तो चौथ्या मिनिटाला उठणार हेही त्यांना माहीत होतं. तरी तो उठला की प्रत्येकाचं वाक्य तुटलं. फक्त यीस्टवालीने, सव्वादोन मीटर उंचीवरून, त्याच्याकडे दुर्लक्ष करून वाक्य पूर्ण केलं. तिसऱ्या फेरीला मात्र बहुतेकांची पाचावर बसलेली धारण सुटली होती.

४ सप्टेंबर

मिठाचा स्फटिक. रसायनवाल्या तिघांनी फळाच नाकारला. त्यांनी सोडियम क्लोराइडची जाळी उभी केली, आत शिरता येईल अशी. शेजारच्या सोडियम आणि क्लोराइड आयनांतलं अंतर प्रत्यक्षात सुमारे ०.२८ नॅनोमीटर असतं, ते त्यांनी दोन मीटर केलं. प्रत्येक आयनाला सहा विरुद्ध शेजारी: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. आत उभं राहून सहा शेजारी मोजणं हा आनंद खरा होता. मीही मोजले.

सादरीकरण म्हणून मात्र ते पार विस्कटलं. दुसऱ्या मिनिटाला निम्मे श्रोते जाळीच्या टोकाला उडत गेले होते. वक्ती बोलत होती आणि तिच्यासमोर कुणी नव्हतं. त्रिमितीचा मोह वाईट. जाळी दाखवायची तर तीस सेकंद मोकळं फिरू द्यायचं, मग सगळ्यांना हाका मारून एका ठरलेल्या आयनापाशी उभं करायचं आणि मगच बोलायचं. दुसऱ्या खेपेला तसं केलं, जमलं.

त्यातला एक प्रश्न नोंदवून ठेवण्यासारखा. लाल-हिरवा न दिसणाऱ्या मुलाने विचारलं, “तुम्ही आयन ज्या पटीत वाढवलेत त्याच पटीत माणूस वाढवला तर तो किती उंच होईल?” तिला माहीत नव्हतं. जुलैत ती ‘नंतर सांगते’ म्हणून पळाली असती. आज म्हणाली, “माहीत नाही, पण इथेच काढूया. ०.२८ नॅनोमीटरचे दोन मीटर, म्हणजे सुमारे ७०० कोटी पट. १.७ मीटरचा माणूस धरला तर जवळजवळ १,२०० कोटी मीटर, म्हणजे १ कोटी २० लाख किलोमीटर.” कुणीतरी लिहिलं, चंद्रापर्यंतच्या अंतराच्या तीसपट. एकाने त्यावर लिहिलं, “मग अवतार तेवढाच करूया.”

तिने ‘इथेच’ म्हटलं याबद्दल तिला दंड झाला. तो अन्याय होता.

१६ सप्टेंबर

चित्रीकरण. आजवर मी वक्त्यावर कॅमेरा लावत होते. आज शेवटच्या खुर्चीतून लावला, श्रोत्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि मुलांना स्वतःचं बोलणं तिथून बघायला लावलं. स्वतःचा चेहरा दिसत नाही, फक्त लांबचा छोटा अवतार, फळा आणि आवाज. चेहरा नसल्यामुळे ‘मी कशी दिसतेय’ हा विषय संपतो. उरतं काय बोलले ते.

वनस्पतिशास्त्राच्या एका मुलाने आपली पहिली दोन मिनिटं ऐकली आणि रेकॉर्डिंग थांबवलं. “मॅडम, मी अजून सुरुवातच केलेली नाहीये.” नमनालाच घडाभर तेल. मी हे त्याला चार वेळा सांगितलं होतं.

२५ सप्टेंबर

एक तक्रार लिहून ठेवते, कारण ती बरोबर आहे. भौतिकशास्त्राचा एक मुलगा वर्गात उत्तम बोलतो. हातांनी लंबक झुलवतो, भुवया वर करतो, विराम घेतो तेव्हा सगळे थांबतात. आमच्या खोलीत तो सपक वाटतो. म्हणाला, “हात बांधून पोहायला सांगितल्यासारखं आहे.” त्याला मी दोनदा कमी गुण दिले होते. ज्याला आधीच येतं त्याचं हे जग बरंच काही हिरावून घेतं. त्याला उरलेल्या फेऱ्यांतून मोकळं केलं, आणि प्रश्न विचारणारा म्हणून बसवलं. अवघड प्रश्न विचारतो.

९ ऑक्टोबर

खरं सभागृह. खऱ्या खुर्च्या, खरे परीक्षक, खरा पडदा.

आधी जे टिकलं नाही ते. थरथर परत आली. यीस्टवालीच्या हातातला कागद पहिल्या रांगेतूनही हलताना दिसत होता. नंतर म्हणाली, “तिथे कुणाचे डोळे नव्हते.” सव्वादोन मीटर उंची सभागृहाच्या दारातच राहिली. पडद्याकडे तोंड वळवण्याची सवय सात-आठ जणांत तशीच आहे, कारण अवताराला मान वळवावीच लागत नाही, तो सराव आम्ही केलाच नाही. यात मुलांचा दोष नाही. मी ऑगस्टमध्येच दोन तास या सभागृहात घ्यायला हवे होते, आभासी खोली चांगली चालली म्हणून आळस केला.

आता टिकलं ते. लेझर पॉइंटर टेबलावर ठेवलेला होता, तो एकोणीस जणांनी उचललाच नाही. यीस्टवालीचा आवाज कापत होता आणि ती म्हणत होती, “आडव्या अक्षावर तास आहेत, शून्य ते चोवीस. पहिले काही तास रेष जवळजवळ सपाट, मग एकदम चढण, मग पठार.” क्लोरोफिलवाल्याने दरी तशीच ठेवली. प्रश्न आला की आधी प्रश्न पुन्हा सांगायचा, हे जवळजवळ सगळ्यांनी केलं. एका परीक्षकांनी मला हळूच विचारलं की मुलांना हे पाठ करून घेतलंय का.

बाराव्या सादरीकरणाच्या मध्येच मागच्या रांगेतले एक पाहुणे उठून बाहेर गेले. दार वाजलं. मंचावरच्या मुलीने वाक्य पूर्ण केलं, आणि सभागृहाच्या एका कोपऱ्यातून दबलेलं हसू आलं. पाहुण्यांना शेवटपर्यंत कळलं नसेल.

१४ ऑक्टोबर

आवराआवर. १ तारखेला मशीन परत द्यायचं आहे. पूर्ण प्रदेशाची ओएआर फाईल, म्हणजे जतन केलेली प्रत, काढून दोन ठिकाणी ठेवली. त्यात खोली, खुर्च्या, मिठाचा स्फटिक आणि टपालाचं तिकीट सगळं आहे. मोठं सभागृह नाही, त्याची प्रतही ठेवली नाही.

पुढच्या सत्रासाठी: पहिल्या दिवशी खऱ्या सभागृहात दोन मिनिटं, मग तीन आठवडे आभासी खोली, मग पुन्हा सभागृह, असं आलटून पालटून. अवतार सजवायला पूर्ण एक तास आधीच धरायचा, भांडायचं नाही. ज्याला आधीच चांगलं बोलता येतं त्याला पहिल्या आठवड्यातच प्रश्नकर्ता करायचं. लाल-हिरव्या रेषा चालणार नाहीत, तुटक आणि सलग रेषा वापरायच्या, हे स्लाइडच्या नमुन्यातच घालायचं. चौथ्या मिनिटाला उठणारा बॉट आता सगळ्यांना पाठ झालाय, त्याची वेळ दर खेपेला बदलली पाहिजे.

तिसऱ्या रांगेतली डावीकडची दुसरी खुर्ची अजून बसणाऱ्याला तोंड मागे करून बसवते. ती दुरुस्त करायची राहिली.